ओकीमाचा पूल आणि वुडी गथ्रीची गाणी

गुरुवार

डॅलसहून ओकीमा साडेतीन तासांवर. रेड रिव्हर ओलांडली की ओक्लाहोमा सुरू होतं, मग डुरँट, अटोका, मॅकॲलिस्टर आणि तिथून टर्नपाइकने हेन्रिएटा. ऑक्टोबर असल्याने ऊन सोसवणारं होतं आणि रस्ता मोकळा. सोबत माझी मावसबहीण, दिवाळीआधी मुलुंडहून आमच्याकडे राहायला आलेली. ताईने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. "मला मॉल नकोत गं, एखादं गाव दाखव," असं ती आल्या आल्याच म्हणाली होती. ओकीमाला जाऊ या म्हटल्यावर लगेच बॅग भरून तयार.

ओकीमा हे लोकगायक वुडी गथ्रीचं जन्मगाव. धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेले शेतकरी, कॅलिफोर्नियाच्या बागांत फळं तोडणारे मजूर, युनियनची माणसं, या सगळ्यांची गाणी त्याने लिहिली. 'धिस लँड इज युवर लँड' हे त्याचं गाणं अमेरिकेतली मुलं प्राथमिक शाळेतच शिकतात. माझी मुलगीही पहिलीत असताना स्नेहसंमेलनात ते म्हणाली होती. खासगी मालमत्तेच्या पाटीचं आणि सरकारी मदतीच्या रांगेतल्या भुकेल्या माणसांचं, अशी दोन कडवी तेव्हा गाळली होती. बहुतेक शाळांत ती गाळतातच. गाळलेल्या कडव्यांमुळे मी वुडीबद्दल वाचायला लागले आणि वाचता वाचता त्याच्या गावाजवळच्या एका पुलापाशी येऊन थांबले. हा प्रवास त्या पुलासाठी होता.

मॅकॲलिस्टरला गाडीत गॅस भरताना ताईला सांगितलं, की ओक्लाहोमाचा जुना मोठा तुरुंग याच गावात आहे. ऑस्टिन नेल्सन नावाचा काळा शेतकरी १९११ च्या मे महिन्यात इथे आणला गेला. गाय चोरल्याची कबुली, तीन वर्षांची शिक्षा. तो आत असतानाच त्याची बायको लॉरा आणि कोवळ्या वयाचा मुलगा एल. डी. यांना ओकीमाच्या जमावाने फासावर लटकवलं. ताई काही बोलली नाही, पण पुढच्या सगळ्या रस्त्यात तिने गाणी लावू दिली नाहीत.

संध्याकाळी ओकीमा. हायवेलगतच्या मोटेलात सामान टाकलं, जवळच्या डायनरमध्ये तळलेली भेंडी आणि कॉर्नब्रेड खाल्ला आणि झोपलो.

शुक्रवार

ओकीमात पाण्याच्या तीन टाक्या आहेत. एकीवर 'हॉट', दुसरीवर 'कोल्ड' आणि तिसरीवर 'होम ऑफ वुडी गथ्री'. ही तिसरी अक्षरं १९७२ साली रंगवली, म्हणजे वुडी गेल्यावर पाच वर्षांनी. तीही सहजासहजी नाही. कम्युनिस्टांच्या पत्रात सदर लिहिणाऱ्या माणसाचा गौरव करायला गावातल्या बऱ्याच वजनदार लोकांचा सक्त विरोध होता. त्याच्या बालपणीचं 'लंडन हाउस' नावाचं घर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पाडलं गेलं. १९९८ साली मात्र ब्रॉडवे या मुख्य रस्त्यावर पुतळा बसला आणि दर जुलैत वुडीच्या वाढदिवसाच्या सुमारास लोकसंगीताचा महोत्सवही सुरू झाला.

पुतळा बघायला सकाळीच गेलो. अंगाने काटकुळा, हातात गिटार, डोळे लांब कुठेतरी. त्याच्या गिटारवर 'हे यंत्र फॅसिस्टांना मारतं' असं लिहिलेलं असायचं, ते वाक्य आता टी-शर्टवरही मिळतं. ब्रॉडवेवर क्रिस्टल थिएटर अजून उभं आहे. निम्मी दुकानं बंद, निम्म्यांत जुन्या वस्तू. विसाच्या दशकात इथे तेल लागलं, गाव रातोरात फुगलं आणि तेल सरताच बसलं. वुडी वाढला तो या चढउतारात. त्याच्या घरात आगीने तर पाठच धरली होती. मोठी बहीण क्लारा १९१९ मध्ये भाजून गेली. वडील १९२७ मध्ये जबर भाजले. आईला हंटिंग्टनचा आजार होता, मेंदू हळूहळू निकामी करणारा, आनुवंशिक. तिला वेडाच्या इस्पितळात ठेवलं आणि ती तिथेच वारली. पुढे तोच आजार वुडीलाही झाला. १९२९ मध्ये तो वडिलांच्या मागोमाग टेक्ससमधल्या पॅम्पाला गेला.

चरित्रकार सहसा या घरच्या दुःखांवर थांबतात. मला ते पुरेसं वाटत नाही. घरातली दुःखं त्याची एकट्याची होती. गावाने केलेलं आणि मग दडपलेलं दुःख वेगळं होतं, आणि त्याची गाणी समजून घ्यायला मला तेच अधिक उपयोगी वाटतं.

वडील चार्ली गथ्री हे गावातलं बडं प्रस्थ. १९०७ साली ओक्लाहोमाला राज्याचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे कोर्टाचे क्लार्क म्हणून निवडून आले. जमिनींचे व्यवहार करत, समाजवाद्यांविरुद्ध लेख लिहीत. त्या लेखांचं पुस्तकही त्यांनी काढलं. नव्या विधिमंडळात सिनेटचं पहिलं विधेयक मंजूर झालं ते रेल्वेत काळ्यांचे डबे वेगळे करण्याचं. १९१० मध्ये घटनादुरुस्ती झाली: मतदाराला लिहिता-वाचता आलं पाहिजे, पण ज्याच्या आजा-पणजाला १८६६ पूर्वी मताचा हक्क होता त्याची परीक्षा घ्यायची नाही. म्हणजे गोऱ्या अडाण्याला सूट आणि काळ्याची अडवणूक. सुप्रीम कोर्टाने हे रद्द केलं ते १९१५ मध्ये.

वुडीचा जन्म १४ जुलै १९१२ चा. बाराच दिवस आधी डेमोक्रॅटिक पक्षाने वुड्रो विल्सनला अध्यक्षपदाची उमेदवारी दिली होती, म्हणून मुलाचं नाव वुड्रो विल्सन गथ्री. हाच विल्सन अध्यक्ष झाल्यावर त्याच्या सरकारने केंद्राच्या कचेऱ्यांत काळे आणि गोरे कर्मचारी वेगळे बसवले. नावापासून गळ्यात पडलेला हा वारसा वुडीने पुढे किती दूर फेकला, हे बघताना आरंभ कुठून झाला ते लक्षात ठेवलं पाहिजे.

दुपारी ब्रॉडवेवरच्या बाकावर बसलो असताना ताईने विचारलं, "पण त्याला गाणं लागलं कुठून?" त्याचं उत्तर वुडीने स्वतः १९४० साली वॉशिंग्टनमध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सच्या ध्वनिमुद्रणात दिलं आहे. याच गावात बूट पॉलिश करणारा एक काळा मुलगा माउथ ऑर्गनवर आगगाडीचा आवाज काढायचा. एकाकी, रडवेला सूर. वुडी त्याच्यापाशी घुटमळत राहिला आणि वाजवायला शिकला. म्हणजे जे गाव लॉरा आणि एल. डी. यांना मारून मोकळं झालं होतं, त्याच गावात एका काळ्या पोराकडून वुडीच्या हाती पहिलं वाद्य आलं. हे मला एखाद्या शिष्यवृत्तीपेक्षा मोठं देणं वाटतं, आणि देणारा रस्त्याच्या कडेला बसून बूट पुसत होता.

शनिवार

आजचा दिवस पेडन, बोली आणि नदीसाठी. सकाळी पश्चिमेला निघालो. दोन्ही बाजूंना बुटक्या ओकची रानं, मधे कुरणं, लाल माती.

पेडनजवळ नेल्सन कुटुंबाची झोपडी होती. २ मे १९११ रोजी डेप्युटी शेरीफ जॉर्ज लोनी चोरीच्या गायीचा शोध घेत काही माणसांसह तिथे आला. झडती सुरू असताना बंदुकीवरून झटापट झाली. गोळी लोनीच्या पायाला लागली आणि रक्तस्रावाने तो मेला. गोळी मुलाच्या हातून सुटली असं सांगतात. आळ आईने स्वतःवर घ्यायचा प्रयत्न केला, असंही तेव्हाच्या वृत्तांतांत आहे. आई आणि मुलगा दोघांना ओकीमाला आणून कोंडलं, बाप मॅकॲलिस्टरला गेला. लॉराजवळ तान्हं मूल होतं, अशाही बातम्या होत्या.

खटला उभा राहायच्या आत, २४ मेच्या मध्यरात्रीच्या सुमारास, चाळीसेक माणसं तुरुंगात घुसली. मायलेकरांना नॉर्थ कॅनेडियन नदीवरच्या पुलावर नेलं आणि तिथेच लटकवलं. सकाळी गावातला फोटोग्राफर जॉर्ज फार्नम होडीतून नदीत गेला आणि त्याने फोटो काढले. एका फोटोत पुलाच्या कठड्याशी अठ्ठावन्न माणसं ओळीने उभी आहेत. त्यात सहा बायका आहेत आणि सतरा मुलं. फोटोवर पांढऱ्या अक्षरांत १९११ चा कॉपीराइट, फार्नमचं नाव आणि ओकीमा, ओक्लाहोमा असं गावाचं नाव लिहिलेलं आहे. या फोटोंची पोस्टकार्डं झाली आणि ती विकली गेली. देहांबद्दल मी लिहिणार नाही. पण पुलावरची माणसं मी पुन्हा पुन्हा बघितली आहेत. कुणी टोपी सावरलेली, एखाद्या बाईने छत्री उघडलेली. कुणी तोंड लपवलेलं नाही. खटला भरायचा की नाही ते ठरवणारी नागरिकांची ग्रँड ज्युरी बसली, साक्षी झाल्या आणि त्या चाळीस जणांपैकी एकालाही कुणी ओळखलं नाही.

चार्ली गथ्री त्या जमावात होते का? त्यांचा भाऊ क्लॉड याने १९७७ साली टेपवर दिलेल्या मुलाखतीत सांगितलं, की होते. वडील पुढे गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणाऱ्या कू क्लक्स क्लॅनमध्ये गेले, हे वुडीनेच सांगून ठेवलं आहे. लॉराच्या मृत्यूनंतर जवळजवळ चौदा महिन्यांनी त्या घरात वुडी जन्मला.

पेडनहून परत येताना बोली लागतं. मुख्य रस्ता सोडून आत वळायचं. बोली म्हणजे काळ्यांनी काळ्यांसाठी वसवलेलं गाव, स्थापना १९०३. ही जमीन क्रीक आदिवासींच्या राष्ट्राची. त्यांच्याकडे पूर्वी गुलाम असलेल्या काळ्यांना मुक्तीनंतर राष्ट्राचे सभासद मानलं गेलं आणि जमीन वाटपात त्यांनाही हिस्सा मिळाला. अशाच एका हिश्श्यावर, रेल्वेमार्गालगत, हे गाव उभं राहिलं. स्वतःची बँक, स्वतःची शाळा, स्वतःचा महापौर. १९०५ मध्ये काळ्यांचे मोठे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन येऊन गेले आणि त्यांनी तोंडभरून कौतुक लिहिलं. आज मोठ्या रस्त्यावर बँकेची जुनी विटांची इमारत आहे, फ्रीमेसन या बंधुसंघटनेचं मंदिर आहे, चर्च आहेत आणि बरीच मोकळी जागा. एका चर्चबाहेर पानं झाडत असलेल्या आजींनी आम्ही कुठून आलो ते विचारलं. इंडिया म्हटल्यावर त्यांनी ताईचा हात हातात घेतला आणि चर्चमध्ये पाणी प्यायला नेलं. भिंतीवर जुन्या पाद्रींचे फोटो होते. त्यांनी ते एकेक करून नावानिशी दाखवले.

ओकीमा आणि बोली यांच्यात अंतर दहा-बारा मैलांचं. मतांची भीती ओकीमाला याच गावाची होती; सगळे काळे एकगठ्ठा मतदान करतील आणि जिल्हा हातातून जाईल. लिंचिंगनंतर बोलीची माणसं सूड घ्यायला चालून येणार अशी अफवा ओकीमात उठली. गोऱ्यांनी बायकामुलं गावाबाहेर पाठवली आणि पुरुष रस्त्यावर बंदुका घेऊन उभे राहिले. कुणीही आलं नाही. उलट पुढच्या दोन-तीन वर्षांत याच जिल्ह्यातली शेकडो काळी कुटुंबं गोल्ड कोस्टहून (आजचं घाना) आलेल्या चीफ सॅमच्या मागे लागून आफ्रिकेला परत जाण्यासाठी पैसे जमवू लागली. शेती विकून माणसं गॅल्व्हस्टन बंदरात तळ ठोकून बसली. १९१४ च्या ऑगस्टमध्ये त्यांचं जहाज निघालं, त्यात साठेक जणांनाच जागा मिळाली. मत गेलं, न्याय गेला, तेव्हा माणसांनी अख्खा देश सोडायची तयारी केली. या जिल्ह्याच्या इतिहासातलं हे पान ओकीमाच्या पुतळ्यापाशी कुणी सांगत नाही.

बोलीच्या बँकेची एक गोष्ट वुडीच्या बाबतीत मला खुपते. २३ नोव्हेंबर १९३२ रोजी प्रीटी बॉय फ्लॉइड या गाजलेल्या दरोडेखोराच्या टोळीतला जॉर्ज बर्डवेल दोन साथीदारांसह ही बँक लुटायला आला. बँकेचे अध्यक्ष डी. जे. टर्नर यांनी पैसे देता देता गजर वाजवला म्हणून त्यांना गोळी घातली गेली. हिशेबनीस मॅक्कॉर्मिक यांनी आतून बंदूक उचलून बर्डवेलला लोळवलं. बाहेर गावकरी बंदुका घेऊन जमलेच होते. फ्लॉइड स्वतः त्या दिवशी नव्हता. वुडीने १९३९ मध्ये फ्लॉइडवर पोवाडाच रचला, गरिबांचा वाली म्हणून. त्या गाण्यात बोली कुठेच नाही, टर्नरही नाहीत. वुडीचं मन बदललेलं असलं तरी नजर सगळीकडे पोचलेली नव्हती, याचा हा पुरावा. मी त्याची चाहती आहे आणि तरीही हे लिहायला हवं.

दुपारी नदीवर गेलो. १९११ चा लोखंडी सांगाड्याचा पूल शोधायचा आमचा इरादा नव्हता. आज रस्ता काँक्रीटच्या पुलावरून जातो, तिथे कडेला गाडी लावली. पाऊस संपून बरेच दिवस झालेले, त्यामुळे पाणी कमी. चहात दूध जास्त झालं की जो रंग येतो तसा पाण्याचा रंग. वाळूचे पट्टे उघडे पडलेले, काठाला कॉटनवुडची उंच झाडं, गाळात अडकलेला एक ओंडका आणि त्याच्यावर ओळीने बसलेली कासवं. पिकअप ट्रक येत-जात होते. एक जण थांबून गाडी बिघडलीय का विचारून गेला. ताई कठड्याला हात न लावता मध्यावर उभी होती. मग म्हणाली, "द्यू बॉइजच्या मासिकात हे आलं असेल ना?" आलं होतं. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे द्यू बॉइज ज्याचे संपादक होते त्या 'द क्रायसिस'ने १९११ च्या उन्हाळ्यातच ओकीमाची बातमी छापली. याच डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइजना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं होतं, अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या काळ्यांची स्थिती किती मिळतीजुळती आहे ते सांगत, आणि काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागत. ताई नववी-दहावीच्या मुलांना हे पत्र वाचून दाखवायची. इथे आल्यावर त्या पत्राला पत्ता मिळाला, असं ती म्हणाली.

परतताना गाडीत मी वुडीचं या पुलावरचं गाणं लावलं. 'डोन्ट किल माय बेबी अँड माय सन'. सूर साधा, गाणारा आपल्या जन्मगावच्या अंधाऱ्या रस्त्यावरून चाललाय आणि तुरुंगातून एका बाईचा आक्रोश ऐकू येतो. ती म्हणते, मला पुलावर लटकवा, पण माझ्या बाळाला आणि मुलाला मारू नका. पुढे तो एक पोस्टकार्ड बघतो, त्यावर पूल असतो आणि लटकलेले देह. गाणं संपल्यावर ताईने ते परत लावायला सांगितलं.

रविवार

टल्सा, ओकीमापासून सव्वा तास. गावाच्या उत्तरेच्या भागात वुडी गथ्री सेंटर आहे, २०१३ साली उघडलं. त्याचे कागद, वह्या, चित्रं, सगळं इथे जपलेलं आहे. या भागाला पूर्वी टेट ब्रॅडीचं नाव होतं. ब्रॅडी शहराच्या संस्थापकांपैकी एक आणि क्लॅनचा सभासद. नाव बदललं ते अलीकडे. इथून चालत ग्रीनवूडला जाता येतं. ३१ मे आणि १ जून १९२१ ला गोऱ्या जमावाने काळ्यांची ही समृद्ध पेठ जाळली, पस्तीस ब्लॉकांची वस्ती बेचिराख केली, बाराशेहून अधिक घरं गेली. मेलेल्यांचा अंदाज तीनशेपर्यंत जातो. वुडी तेव्हा नऊ वर्षांचाही नव्हता, साठ-सत्तर मैलांवर ओकीमात होता. फूटपाथमध्ये जळालेल्या दुकानांच्या नावांच्या पितळी पाट्या बसवल्या आहेत. आम्ही वाकून वाकून वाचत गेलो: शिंपी, डॉक्टर, हॉटेल.

सेंटरमध्ये गेलो तेव्हा मी थेट 'धिस लँड'च्या हस्तलिखिताकडे वळले. रेघांचा वहीचा कागद, तिरपं नेटकं अक्षर. प्रत्येक कडव्याच्या शेवटची ओळ आधी वेगळी होती, 'देवाने माझ्यासाठी अमेरिकेवर कृपा केली' अशा अर्थाची. ती खोडून नवी ओळ वर लिहिली आहे. रेडिओवर सतत वाजणाऱ्या एका देशभक्तिपर गाण्याचा वुडीला वीट आला होता, त्याला हे उत्तर होतं. खाली सही, न्यूयॉर्कमधल्या एका स्वस्त हॉटेलचा पत्ता, २३ फेब्रुवारी १९४० ही तारीख, आणि एक वाक्य: जे दिसतं तेवढंच लिहिता येतं.

त्यानंतर सहाच दिवसांनी, लीप वर्षातल्या २९ फेब्रुवारीला, न्यूयॉर्कमध्येच त्याने 'स्लिपनॉट' हे गाणं लिहिलं. त्यात तो ऐकणाऱ्याला विचारत जातो: सरकफास कसा बांधतात ते पाहिलंयस का? त्यात तुझा भाऊ गेलाय का, बाप गेलाय का? या फासाचा कायदा करतं कोण? कागदाच्या तळाशी अर्पण आहे: ओकीमाच्या दक्षिणेला कॅनेडियन नदीच्या पुलाखाली लटकवलेल्या काळ्या आयांना, बापांना आणि मुलांना, आणि असं काही उरणार नाही त्या दिवसाला.

दोन्ही गाणी एकाच आठवड्यातली. ही भूमी तुझीही आहे असं तो ज्या हाताने लिहीत होता, त्याच हाताने सहा दिवसांत त्याच भूमीवरचा फास लिहिला. पहिलं गाणं देशभर गेलं, दुसरं बहुतेकांनी ऐकलेलंही नाही. माझ्या मते ही एकच गोष्ट आहे, दोन भागांत लिहिलेली, आणि आपल्याला सवय आहे फक्त पहिला भाग ऐकायची.

मात्र वुडी पहिल्यापासून असा नव्हता. १९३७ मध्ये लॉस एंजेलिसच्या केएफव्हीडी रेडिओवर त्याचा कार्यक्रम चालायचा. ओकीमातून आलेली भाषा तशीच तोंडात. एकदा त्याने गाण्याची घोषणा करताना काळ्यांसाठीचा तो हलकट शब्द वापरला. कॉलेजात शिकणाऱ्या एका काळ्या तरुणाने पत्र लिहिलं: कार्यक्रम छान चालला होता, या शब्दाने मला दुखावलं, शहाणा माणूस आज रेडिओवर हा शब्द काढत नाही. वुडीने ते पत्र रेडिओवर वाचलं, माफी मागितली आणि तो शब्द असलेली गाणी काढून टाकली. त्याच्या घडणीतला हा क्षण मला पुलाइतकाच महत्त्वाचा वाटतो. पूल त्याच्या आत लहानपणापासून होता, पण त्याच्याकडे बघायला त्याला एका श्रोत्याने भाग पाडलं. अडीच वर्षांनी 'स्लिपनॉट' आलं. १९४० मध्ये तो न्यूयॉर्कला गेला तेव्हा लेडबेली या काळ्या लोकगायकाच्या घरी राहायचा, पुढे सनी टेरी आणि ब्राउनी मॅगी या काळ्या वादकांबरोबर वाजवायचा. नजर अशी माणसांत राहून तयार झाली.

नंतरच्या गाण्यांत त्याची पद्धत पक्की झालेली दिसते. गावाचं नाव, वार, माणसाचं नाव, काय घडलं, कुणी केलं. आपल्याकडे शाहीर जसा प्रसंग उभा करतो तसं. १९४६ च्या फेब्रुवारीत आयझॅक वुडर्ड हा काळा सैनिक युद्धावरून परत घरी निघाला असताना साउथ कॅरोलायनामध्ये पोलीसप्रमुखाने त्याला मारून दोन्ही डोळ्यांनी आंधळं केलं. अंगावर अजून गणवेश होता. वुडीने त्याच्यावर गाणं रचलं, वुडर्डच्याच तोंडी. १६ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या लुईसन स्टेडियममध्ये वुडर्डसाठी झालेल्या कार्यक्रमात वुडीने हजारोंसमोर ते गायलं. त्याच वर्षी त्याने चित्रही काढलं: पूल, खाली एका ओळीत लटकलेले देह. चित्र काढताना पुलाची आकडेवारी त्याच्या डोळ्यांपुढे नव्हतीच. पुलावर दोन देह होते, चित्रात बरेच आहेत. 'हाय बॅलड्री' या गाण्यात आई आणि दोन मुलं लटकलेली आहेत आणि पूल 'माझा कॅनेडियन पूल' आहे. कोर्टाच्या कागदात जे आहे ते तो गात नाही. लहानपणी ऐकलेलं आणि दुकानातल्या पोस्टकार्डावर बघितलेलं तो गातो, आणि पुलाशी आपलं नातं लपवत नाही. बापाचं नाव मात्र त्या गाण्यांत नाही. घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन तो थांबला, असं मला वाटतं.

१९५० च्या डिसेंबरात तो ब्रुकलिनमधल्या बीच हेवन या वसाहतीत भाड्याने राहायला गेला. मालक होता फ्रेड ट्रम्प, डोनाल्ड ट्रम्प यांचा बाप. वसाहतीत काळं कुटुंब नव्हतं. वुडीने वहीत त्यावर ओळी लिहिल्या, वर्णद्वेष पेरणारा मालक म्हणून. हे कागद याच सेंटरमध्ये विल कॉफमन या अभ्यासकाला सापडले आणि २०१६ च्या जानेवारीत त्याने ते उजेडात आणले. ताई म्हणाली, "घरमालकाचं नाव घातलं, बापाचं नाही." मी म्हटलं, "त्याचं बळ तेवढंच होतं गं ताई." तिला हे पटलं नाही. आम्ही जेवताना बराच वेळ यावर भांडलो. तिचं म्हणणं, वुडीला नाव घेता आलं असतं तर ओकीमाला अजून पंचवीस वर्षं गप्प बसता आलं नसतं. मला वाटतं, गावाला गप्प बसायला नावाची गरज कधीच नव्हती. ग्रँड ज्युरीपुढे तर चाळीस जणांचा प्रश्न होता आणि एकाचंही नाव निघालं नाही.

सेंटरच्या दुकानात वहीची नक्कल असलेलं पोस्टकार्ड होतं. ताईने ते शाळेसाठी घेतलं. रात्री उशिरा डॅलसला पोचलो.

जाणार असाल तर आधी बोलीला जा, मग ओकीमाला. पुतळ्यापासून सुरुवात केलीत तर बोली राहूनच जातं. बोलीत खायला फारसं काही मिळत नाही, डबा बरोबर घ्या. टल्सातलं सेंटर आठवड्याच्या सुरुवातीला बंद असतं, त्यामुळे शनिवार-रविवार गाठा, आणि ग्रीनवूडसाठी अर्धा दिवस वेगळा ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात जमलं तर मेमोरियल डेच्या सुट्टीला बोलीत काळ्या घोडेस्वारांचा रोडिओ भरतो, वर्षानुवर्षं भरत आलाय. त्या दिवसांत गावाबाहेर गेलेली कुटुंबं नातवंडांना घेऊन परत येतात आणि मोठ्या रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही.